तीन आटे

"घाटात तापत नाही ओ मेस्त्री, आसगावात तापतंय."

खानापूरच्या त्या ड्रायव्हरने हे सांगितलं तेव्हा मी केरोसिनने हात धूत होतो आणि, खोटं कशाला बोलू, मी ते नुसतं कानावरून जाऊ दिलं. एप्रिलातली दुपार होती. गोव्यातल्या आमच्या तिस्क-उसगावच्या रस्त्यावर डांबर मऊ पडलं होतं आणि माझ्या डोक्यात दुसऱ्याच गाडीचा क्लच होता. ड्रायव्हर तक्रार सांगायला लागला की त्यात हवा, रस्ता, मालक, आरटीओ, सगळंच येतं. त्यातलं कामाचं तेवढं उचलायची सवय आपल्याला झालेली आहे, असा माझा समज होता. पुढचे नऊ दिवस मी जे शोधत बसलो ते त्याने पहिल्याच वाक्यात माझ्या पुढ्यात ठेवलं होतं.

गाडी ओळखीची. सहाचाकी टिपर, 2010 सालचा. मालक आमच्याच गावातले, त्यांना लहानथोर सगळे भाई म्हणतात. एके काळी भाईंचे पाच ट्रक खाणींच्या लोहखनिजावर चालायचे. आता हा एक उरलाय. बेळगावकडून माल आणतो, आणि उरलेले दिवस उत्तरेला बार्देश तालुक्यात नव्या बंगल्यांच्या कामांवर खडी, माती, चिरे टाकतो.

स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि वास आला. हा वास एकदा नाकात बसला की जात नाही. जळलेली वायर आणि करपलेलं तेल यांच्या मधला काहीतरी. या टाकीत जे तेल घालतात ते नवं असताना आमसुलाच्या आगळासारखं लालभडक असतं. माझ्या बोटावर आलं ते काळपट, काकवीच्या रंगाचं. टाकीच्या बाहेरचा रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते. स्टिअरिंग बॉक्सच्या खालून, बॉक्सची ताकद चाकांकडे नेणारा ड्रॉप आर्म जिथे बसतो तिथल्या सीलमधून तेल झिरपत होतं आणि त्यावर खाणीच्या काळातली लाल धूळ अजून चिकटून होती. ही धूळ आमच्याकडच्या गाड्यांची जन्मखूण आहे. कितीही धुवा, कुठल्यातरी सांदीत निघतेच.

माझ्याकडे यायच्या आधी गाडी दोन ठिकाणी जाऊन आली होती. पहिल्या ठिकाणी पंप बदलला. चार महिन्यांनी पंप पुन्हा ओरडायला लागला, म्हणून दुसऱ्या ठिकाणी आणखी एक पंप. मधल्या काळात कुणीतरी तेल कमी पडलं म्हणून टिपरच्या जॅकचं हायड्रॉलिक तेल ओतलं होतं. ते हाताशी असतं, त्यामुळे ओतायचा मोह होतो. पण ते जाड. आणि ही कल्पना कुणाची ते कळलं नाही, टाकीच्या समोर कारच्या रेडिएटरचा एक पंखा तारेने बांधला होता. पंखा चालू नव्हता. मला त्या पंख्याची दया आली.

तापलेली वस्तू दिसली की माणूस थंड करायला धावतो, ही आपली खोड. ताप कुठून येतो हा प्रश्न मागे राहतो. मीही पहिल्या दिवशी तेच केलं, जरा सुधारलेल्या पद्धतीने.

पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय हे मी पोरांना असं सांगतो. इंजिनावर एक पंप आहे, तो सतत तेल ढकलतो. तेल प्रेशर पाइपने बॉक्समध्ये जातं आणि रिटर्न पाइपने टाकीत परत येतं. तुम्ही चाक सरळ धरलंय तोवर बॉक्समधला वाल्व दोन्ही बाजूंनी उघडा असतो, तेल आत येतं तसं बाहेर पडतं, कुणाला काही काम नाही. तुम्ही स्टिअरिंग फिरवलंत की वाल्व एक बाजू बंद करतो, तेल पिस्टनच्या एका अंगाला दाटतं आणि पिस्टन चाकांना वळवतो. टायर जितका अडून बसेल तितकं प्रेशर चढतं. आणि चाक पूर्ण वळून स्टॉपरला टेकलं, तरी तुम्ही स्टिअरिंग ओढून धरलंत, तर तेलाला जायला जागाच नाही. मग पंपातला रिलीफ वाल्व उघडतो आणि तेल तिथूनच परत फिरतं.

इथे गंमत आहे. या जातीच्या गाडीत पंप मिनिटाला 12 लिटरच्या आसपास तेल देतो. चाक सरळ असताना प्रेशर असतं 4-5 बार. त्यात खर्च होणारी ताकद काढली तर 100 वॅटच्या बल्बाएवढी भरते. तेच प्रेशर रिलीफवर 130 बारला गेलं की तीच ताकद अडीच किलोवॅटच्या वर जाते. न्हाणीघरातला गिझर 2 किलोवॅटचा असतो. चाक वळत असतं तर यातली बरीच ताकद चाक वळवण्यात गेली असती. चाक अडलेलं, काहीच हलत नाही, म्हणजे ती सगळी तेलातच उतरते. 130 बारमधून एकदा सुटलेलं तेल साधारण 8 अंशांनी तापतं. या गाडीत तेल सगळं मिळून तीन लिटर धरा. मिनिटाला चार फेऱ्या. कागदावर मिनिटाला तीस अंश. प्रत्यक्षात बॉक्सचं आणि पाइपांचं लोखंड काही उष्णता पिऊन घेतं म्हणून इतकं चढत नाही, पण दिशा तीच. बल्ब आणि गिझर, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच मी पहिल्यांदा तिकडे पाहिलं नाही. माहीत असलेल्या गोष्टीकडे बघायला कोण जातो?

मी रिटर्न पाइपकडे गेलो, आणि वाईट म्हणजे तिथे खरोखरच दोष निघाला. परतीच्या वाटेवर गेज लावला. इंजिन रिकामं फिरतंय, चाक सरळ, आणि गेजवर 11 बार. परतीच्या वाटेवर इतकं प्रेशर असायचं काही कारण नाही. पाइप बाहेरून ठणठणीत. कापला तर आतलं रबर उष्णतेने कडक होऊन सुटलं होतं आणि पडद्यासारखं लोंबत होतं. टाकीतला फिल्टर तर काळ्या चिखलाने बुजलेला. पाइप बदलला, फिल्टर बदलला, जुनं तेल सगळं काढून दोनदा धुतलं आणि नवं लाल तेल भरलं. गेज 4 बारवर आला. मी भाईंना फोन करून सांगितलं, सापडलं. आवाजात जरा ऐट होती, ती मला आता आठवते.

पाचव्या दिवशी गाडी परत. टाकीला हात लावला आणि झटक्यात काढला.

आमच्या धंद्यात हात हाच पहिला थर्मामीटर. पन्नाशीपर्यंत तळवा टिकतो, साठीला उचलावा लागतो, त्यापुढे नुसतं जवळ नेलं तरी कळतं. पण हात आकडा सांगत नाही. मग मी ते पिस्तुलासारखं तापमान मोजायचं यंत्र काढलं. ते चकचकीत धातूवर खोटं बोलतं, हे खूप जणांना माहीत नसतं. चमकणाऱ्या पाइपावर धरलं तर चाळीस दाखवेल आणि पाइप सत्तरचा असेल. त्यावर उपाय सोपा: जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची आणि टेपवर नेम धरायचा. मी टाकीला, पंपाच्या दोन्ही तोंडांना, बॉक्सला आणि रिटर्न पाइपच्या लोखंडी टोकाला अशा टेपा लावल्या. गाडी एखाद्या पेशंटसारखी दिसायला लागली.

आणि मग, पाच दिवस उशिरा, मी ड्रायव्हरला चहा दिला आणि म्हटलं, "पहिल्यापासून सांग."

"सांगिटलं की ओ. घाटात काय बी न्हाई. अनमोड उतरून मोलेला थांबतो, टाकीला हात लावून बघतो, कोमट. आसगावात चार खेपा मारल्या की चहा ठेवावा टाकीवर."

"आसगावात काय करतोस?"

"काय करतो म्हणजे? गाडी वळवतो."

आसगाव, शिवोली, हणजूण. तिकडचे गल्लीरस्ते बैलगाडी आणि माणसं यांच्या मापाने झाले. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर माडांची गर्दी, वळणावर एखादा खुरीस (क्रूस) नाहीतर तुळस, आणि आता प्रत्येक वळणामागे एक नवा पांढरा बंगला, त्याला पोहण्याचं तळं, त्या तळ्याच्या खड्ड्यातली माती बाहेर आणि खडी आत. दहा टनांचा टिपर अशा फाटकातून उलटा घालायचा. ड्रायव्हर गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला ओढतो आणि धरून ठेवतो. हात-दीड हात मागे, पुन्हा पूर्ण दुसऱ्या बाजूला, पुन्हा धरून. इंजिन नुसतं घुरघुरतंय, वारा नाही, बाजूच्या गडग्याची उष्णता गाडीवर. घाटात चाक सतत फिरतं पण कधी टोकाला जात नाही. अनमोडचं कितीही आवळ वळण घ्या, स्टॉपरपर्यंत चाक नेणारा ड्रायव्हर वेगळ्याच कारणासाठी घाबरायला हवा.

माझे बाबा बिनपॉवरच्या स्टिअरिंगचे ट्रक चालवायचे. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा रुंद होता, सदरा शिवताना शिंप्याला वेगळं माप द्यावं लागे. ते म्हणायचे, उभ्या गाडीचं चाक वळवू नये, आधी गाडीला बोटभर तरी चालू द्यावं. त्यांच्या काळी हा नियम स्वतःच्या हाडांसाठी होता. हाडांचं काम पंपाकडे गेल्यावर नियम विसरायला सगळ्यांना सोपं झालं. मी तो नियम त्या ड्रायव्हरला सांगितला. तो म्हणाला, "बोटभर चालायला जागा पायजे की."

बरोबर होतं त्याचं.

तरीसुद्धा एक गोष्ट जुळेना. असं टोकाला चाक धरून ठेवणारा ड्रायव्हर जगात हा पहिला नाही. बॉक्स करणाऱ्यांना ते ठाऊक असतं. म्हणून बॉक्सच्या आत दोन्ही बाजूंसाठी एकेक छोटा वाल्व असतो, लिमिटर. चाक स्टॉपरला टेकायच्या काही मिलिमीटर आधी पिस्टन त्या वाल्वला ढोसतो, वाल्व उघडतो आणि तेलाला वाट मिळते. प्रेशर खाली येतं. ड्रायव्हरला शेवटच्या बोटभर फिरवण्यात स्टिअरिंग जड लागतं, आणि तेच त्याला सांगणं असतं की बाबा, पुरे. लिमिटर काम करत असेल तर तासभर आसगावात नाचलं तरी तेल एवढं उकळायला नको.

सहाव्या दिवशी पंप आणि बॉक्स यांच्या मधे गेज बसवला, पुढे एक बंद-उघड करायचा वाल्व. आधी पंपाची परीक्षा. तो वाल्व बंद करायचा, गेज बघायचा आणि उघडायचा. पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही, कारण त्या पाच सेकंदांत आपणही तोच गिझर चालू केलेला असतो. आमचा पोरगा मोठ्याने आकडे मोजत होता. 130. पंप ठणठणीत. मग या गाडीतून काढून फेकलेले ते दोन पंप? पहिल्याचं माहीत नाही. दुसरा तर तापाने मेला असणार, तापाचं कारण म्हणून त्याला काढलं होतं.

आता वाल्व उघडा, चाक डावीकडे. गेजवर 40, 60, टायर जमिनीला घासत वळतोय, 80. टोक जवळ आलं. इथे काटा खाली यायला हवा होता. आला नाही. स्टॉपरला टेकल्याचा ठक आवाज झाला आणि काटा सरळ 130 वर जाऊन थरथरत राहिला. पंपाच्या पोटात रिलीफ वाल्वचं शीळ घातल्यासारखं सुरू झालं. उजवीकडे नेलं. तिथेही तेच. आठ-दहा वेळा डावं-उजवं केलं, प्रत्येक टोकाला जरा धरलं, आणि टाकीवरच्या टेपवर 118 अंश.

मी तिथेच टायरवर बसलो. एका बाजूचा लिमिटर गेला असता तर समजलं असतं. कचरा अडकला, स्प्रिंग तुटली, काहीही. दोन्ही बाजूंचे वाल्व एकाच वेळी मरत नाहीत. दोन्ही एकदम गप्प असतील तर ते बिघडलेले नाहीत, त्यांच्यापर्यंत पिस्टन पोचतच नाहीये. म्हणजे चाक वेळेआधी अडतंय. म्हणजे स्टॉपर.

स्टॉपर म्हणजे फार काही नाही. पुढच्या चाकाच्या स्टब एक्सलला, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या तुकड्याला, एक जाडसर बोल्ट असतो, चाक पूर्ण वळलं की त्याचं डोकं एक्सलच्या बीमला टेकतं. बोल्ट आत घातला की चाक जास्त वळतं, बाहेर काढला की कमी. तो सरकू नये म्हणून त्यावर एक चेकनट, एवढंच. मी खाली सरकलो, स्क्रू ड्रायव्हरने चिखल खरवडला. आधी लाल धूळ, मग ग्रीस, मग चेकनटावर गुलाबी ठिपका.

नेलपॉलिशचा.

चेकनट आवळल्यावर त्यावर आणि बोल्टवर मिळून एक ठिपका द्यायचा, म्हणजे पुढे कधी सरकला तर ठिपका तुटलेला दिसतो. कंपन्यांचं याचं वेगळं रंगकाम असतं. मी बायकोच्या कपाटातून उचललेली बाटली वापरायचो. या पट्ट्यात ही सवय असलेला दुसरा मेस्त मला माहीत नाही. ठिपका अखंड होता. म्हणजे माझ्यानंतर त्या बोल्टाला कुणी पाना लावलेला नव्हता.

घरी जाऊन वह्या काढल्या. सालवार वह्या ठेवायची शिस्त मला बाबांची, अक्षर मात्र माझं, त्यामुळे वाचायला वेळ लागला.

2011, फेब्रुवारी. भाईंची गाडी. "स्टॉपर दोन्ही बाजू 3 आटे आत. वळण वाढवले."

त्या वर्षाचं काय सांगायचं? 2010-11 मध्ये गोव्यातून 5 कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. पिसुर्ले, पाळी, वेळगे, उसगाव, सगळीकडून ट्रक आमोण्याच्या जेटीकडे. पहाटे रस्त्यावर उभं राहिलं तर एका ट्रकचा टेललाइट मागच्याच्या हेडलाइटला चिकटलेला. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या सदऱ्यांचा मूळ रंग ओळखू यायचा नाही. पैसे फेरीवर. जेटीच्या प्लॉटवर माल ओतून गाडी एका दमात वळली तर रांगेत जागा राहते. एकदा रिव्हर्स घ्यायला लागला की मागचे तीन घुसले. भाईंचा तेव्हाचा ड्रायव्हर येऊन म्हणाला, जरा वळण वाढवून दे. मी नको म्हटलं नाही. त्या वर्षी नको म्हणणारं कुणीच नव्हतं. बँकासुद्धा.

पुढच्या वर्षी, 10 सप्टेंबर 2012ला सरकारने खाणी थांबवल्या, आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने. ट्रक घरांच्या अंगणात, शेतांच्या बांधांवर, देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत उभे राहिले. पावसाळ्यात त्यांच्या हौद्यांत पाणी साठायचं आणि बेडूक ओरडायचे. 2014च्या एप्रिलात वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, पण प्रत्यक्षात चाकं हलायला 2015 उजाडलं.

दुसरी वही. 2015, डिसेंबर. "पासिंग. पुढचा टायर पाट्यांना घासतो. स्टॉपर 3 आटे बाहेर." त्यापुढे बिलाचा आकडा. बस.

वाढवलेल्या वळणात टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासायचा, आतल्या बाजूला चाकूने सोलल्यासारखी रेघ पडली होती, पासिंगला ते चाललं नसतं. म्हणून मी वळण पूर्वीसारखं केलं. तीन आटे आत घातले होते, तीन बाहेर काढले. हिशेब चोख, असं मला त्या दिवशी वाटलं असणार.

पण बॉक्सचा हिशेब तसा नाही. या जातीचे लिमिटर स्वतःच स्वतःला लावून घेतात. नवा बॉक्स बसवल्यावर चाक पहिल्यांदा पूर्ण वळवलं की पिस्टन वाल्वच्या नळीला ढकलत नेतो आणि जिथे चाक थांबलं तिथे ती नळी घट्ट बसते. पुढे कधी वळण वाढवलं तर पिस्टन तिला आणखी पुढे ढकलतो, आपोआप, कुणी काही करावं लागत नाही. पण वळण कमी केलं तर नळी मागे येत नाही. तिला मागे आणणारं आत काहीच नाही. आजवर या चाकाने घेतलेलं सर्वांत मोठं वळण, तेवढंच तिला ठाऊक.

म्हणजे 2015पासून हा बॉक्स 2011च्या वळणाची वाट बघत होता. चाक स्टॉपरला अडत होतं, पिस्टन लिमिटरच्या अलीकडेच थांबत होता, आणि ड्रायव्हरने धरून ठेवलेलं प्रत्येक सेकंद पंपाच्या रिलीफवर जात होतं. दोन वर्षं ते कुणाला कळलं नाही, कारण खनिजाच्या रस्त्यावर आता गर्दी नव्हती, जेटीवर वळायला मैदानभर जागा होती. 16 मार्च 2018ला खाणी पुन्हा बंद पडल्या. ट्रक पुन्हा झाकले. भाईंनी चार विकले, त्यातले दोन भंगारात. पाचवा काही वर्षांनी बाहेर काढून आसगावच्या गल्लीत पाठवला, तेव्हा त्या वहीतल्या ओळीचं तेल झालं.

वहीत "3 आटे बाहेर" याच्यापुढे एक ओळ हवी होती: लिमिटर मागे घेतले. ती नाही, कारण ते काम मी केलं नाही. मला ते तेव्हा माहीत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारलाय. माहीत होतं. गडबडीत होतो. पासिंगला सात गाड्या रांगेत होत्या आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा लोक माझ्याकडे उधारीशिवाय बोलत होते.

बॉक्स उतरवला. तसाही उतरवायलाच हवा होता, सीलं भाजून बिस्किटासारखी झाली होती, बोटाने दाबली की तुकडा पडायचा. किट टाकलं. दोन्ही लिमिटरच्या नळ्या मूळ जागी ओढून घेतल्या. चाकं ज्या खुंट्यांवर वळतात ते किंगपिन तपासले, ते जरा जड होते पण अडलेले नव्हते, ग्रीस मारल्यावर सुटले. बॉक्स बसवला, हवा काढली, पुढचा एक्सल जॅकवर उचलला आणि चाक सावकाश, अगदी सावकाश, डावीकडे स्टॉपरपर्यंत, मग उजवीकडे. एवढंच. नळ्यांनी आपापली नवी जागा धरली. गाडी खाली घेतली, गेज लावला. डावीकडे वळवलं: 50, 70, 80, आणि टोकाच्या जरा आधी काटा उतरला, 40च्या आसपास थांबला. पोरगा आकडे मोजायचं विसरला.

दुपारभर आवारात आसगाव केलं. जागेवर उभं राहून टोकापासून टोकापर्यंत, धरून, सोडून, पुन्हा. टेपवर 74च्या वर गेलं नाही.

भाई संध्याकाळी आले. त्यांना चहा दिला, वह्या समोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. दोन पंप, एक पाइप, एक बॉक्सचं किट, मोडलेले दिवस. म्हटलं, हे माझ्या हातचं आहे, मजुरी घेणार नाही आणि पंपांचं काय ते तुम्ही सांगा.

भाईंनी चष्मा लावून 2015ची नोंद वाचली. बोट शेवटच्या आकड्यावर ठेवलं.

"मेस्ता, हे बिल मी दिलं होतं?"

नव्हतं दिलं. पुढे कशी कुणास ठाऊक, ती उधारी राहूनच गेली होती.

"मग आता राहू दे," ते म्हणाले, आणि वही मिटून माझ्याकडे सरकवली. पंपांविषयी त्या दिवशी बोलणं झालं नाही. नंतर गणेश चतुर्थीच्या आधी मी एका पंपाची रक्कम पाकिटात घालून त्यांच्या घरी देऊन आलो. त्यांनी मोजली नाही, माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या, सामानाच्या यादीवर ठेवली. दुसऱ्या पंपाचा वाद आमच्या दोघांत अजून चालू आहे. तो पहिल्या पंपाच्या किमतीतच आला असं त्यांचं म्हणणं.

चेकनटावर पुन्हा ठिपका दिला. बायकोची बाटली आता नसते, मुलीची आहे, निळ्या रंगाची, त्यात चमकी. खाणीची धूळ, नवं ग्रीस आणि त्यावर चमकीचा निळा ठिपका. वहीत या वेळी दोन ओळी लिहिल्या.

गाडी गेली त्याच्या चौथ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, आणखी कुणीतरी गडगा सांभाळ म्हणून ओरडत होतं.

"मेस्त्री, शेवटाला जड लागतंय ओ. आधी कसं लोण्यागत जायचं टोकापर्यंत."

"लागू दे. जड लागलं की सोडायचं."

"दोनदा रिव्हर्स घ्यायला लागतोय इथं."

"घे."

"लोक शिव्या देतेत."

"टाकी कशी आहे?"

हॉर्न थांबला. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसतं इंजिन ऐकू येत होतं.

"हात ठेवलाय," तो म्हणाला. "अजून ठेवलाय."